सही करण्याआधी : पतीच्या निधनानंतरचे हक्क आणि कागद

"दुसरं लग्न केलं तर पहिल्या घरची जमीन परत द्यावी लागते का?" "मुलगा नाही, दोन मुलीच आहेत, मग माझ्या नावावर काय राहणार?" "नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव आहे, म्हणजे पैसे त्यांचेच ना?" वाचकांकडून हे तीन प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणाऱ्या अशिक्षित असतात असंही नाही. शिकल्या-सवरलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकाही हेच विचारतात आणि विचारताना आवाज खाली आणतात, जणू नवऱ्याच्या मालमत्तेचं नाव काढणं हाच काहीतरी गुन्हा आहे.

या समजुती कुणी हवेतून काढलेल्या नाहीत. यातल्या बहुतेक गोष्टी कधी ना कधी खरोखरच कायद्यात होत्या. कायदा बदलला. भावकीच्या बैठकीत मात्र अजून जुनाच चालतो. तेव्हा जाऊबाई किंवा चुलत सासरे काही ठामपणे सांगत असतील, तर ते खोटं बोलत असतील असं नाही, पण त्यांचा कायदा बहुधा कालबाह्य झालेला असतो.

खाली दिलेली वारसाहक्काची माहिती हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. गोव्याचं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे.

कोणता जुना कायदा डोक्यातून काढायचा

- "पुनर्विवाह केला की हक्क संपला." १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क काढूनही घेतला. लग्न करणारी बाई त्या घरापुरती मेली असंच धरलं जाई. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. आज पतीचा मृत्यू होतो त्या क्षणी तुमचा वाटा तुमचा होतो. पुढे तुम्ही लग्न केलंत तरी तो कुणाला परत मागता येत नाही.
- "लग्न केलं तर मुलं सासरी ठेवावी लागतात." हीसुद्धा १८५६ च्याच कायद्याची सावली. विधवेने लग्न केलं की नातेवाइकांना न्यायालयाकडून मुलांसाठी दुसरा पालक नेमून घेता येई. आता वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक असते आणि केवळ पुनर्विवाहामुळे ते पालकत्व जात नाही. ताब्याचा वाद कोर्टात गेलाच, तर मुलाचं हित पाहून निर्णय होतो.
- "बाईचा हक्क हयातीपुरता, विकता येत नाही." १९३७ च्या कायद्याने (डॉ. देशमुखांनी मांडला म्हणून तो 'देशमुख कायदा' म्हणून ओळखला जाई) विधवेला पतीचा वाटा मिळाला, पण मर्यादित मालकीचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने ती मर्यादा काढून टाकली. तुमच्या वाट्याला आलेली मालमत्ता तुम्ही विकू शकता, गहाण ठेवू शकता, हव्या त्या माणसाला देऊ शकता. पूर्वी एखाद्या विधवेला अन्नवस्त्रासाठी जमीन तोडून दिलेली असेल, तर तीही बहुतांश प्रकरणांत तिच्या पूर्ण मालकीची ठरते. सर्वोच्च न्यायालयाने तुळसम्मा खटल्यात १९७७ मध्ये हे स्पष्ट केलं. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एखाद्या आजीचं नाव पडून असेल, तर तो फेरफार काढून नीट वाचा.

तुमचा वाटा किती?

पतीने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर पहिल्या वर्गाच्या वारसांत समान वाटण्या होतात. पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि पतीची आई हे पहिल्या वर्गात येतात. वडील येत नाहीत. हे ऐकून अनेक सासऱ्यांना धक्का बसतो, पण कायदा तसाच आहे. पतीने स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला होता आणि मागे तुम्ही, दोन मुली आणि सासूबाई आहात, तर प्रत्येकीचा चौथा हिस्सा. मुलगा नसल्याने काहीही बिघडत नाही.

मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिल्याप्रमाणे होतं. "त्याने सगळं भावाच्या नावावर केलंय" असं कुणी म्हणालं, तर कागद दाखवायला सांगा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, तारीख कोणती आहे, सही पतीचीच आहे का, ते पाहा आणि प्रत मागून घ्या.

वडिलोपार्जित जमिनीचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे, पण तिथेच बायकांचं सर्वाधिक नुकसान होतं, म्हणून जरा थांबून समजून घ्या. सांगलीच्या न्यायालयातून सुरू होऊन १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेला हिराबाई मगदूम यांचा खटला यासाठी उपयोगी आहे. त्यांचे पती वारले तेव्हा मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. मुलाचं म्हणणं होतं की आईला फक्त वडिलांच्या वाट्यातला लहानसा हिस्सा मिळावा. न्यायालयाने तसं मानलं नाही. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं समजायचं, त्या वाटणीत पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना पाव-पाव हिस्सा द्यायचा आणि मग पतीचा पाव हिस्सा सहा वारसांत वाटायचा. हिराबाईंना स्वतःचा पाव आणि वर चोविसावा भाग, म्हणजे चोवीसपैकी सात हिस्से मिळाले.

म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत पत्नीचा वाटा दोन वाटांनी येतो. बैठकीत बहुधा एकच सांगितला जातो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः हिस्सेदार झाल्या. तेच कुटुंब आज असतं, तर आधी सात समान वाटे पडले असते, मग पतीचा वाटा सहा जणांत गेला असता आणि शेवटी आईला आणि प्रत्येक मुलामुलीला सहावा-सहावा हिस्सा मिळाला असता.

सासरे हयात असतील आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल, तर त्यांच्या हयातीत तुम्हाला तिच्यात वाटा मागता येत नाही. ते मृत्युपत्र न करता निधन पावल्यास, गेलेल्या मुलाची पत्नी आणि मुलं म्हणून तुमच्या पतीचा वाटा तुमच्याकडे येतो. म्हणून जमीन मूळची कुणाची, हे जुने फेरफार काढून आधीच माहीत करून घ्या.

पहिल्या दोन आठवड्यांत

या दिवसांत कायद्याचं काही सुचत नाही. म्हणून ही यादी तुमच्या भावाच्या, बहिणीच्या किंवा मोठ्या मुलीच्या हाती द्या.

- मृत्यूची नोंद करून दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. प्रत्येक कार्यालय एक तरी ठेवून घेतं.
- मूळ कागद एका पिशवीत घालून स्वतःकडे ठेवा : आधार, विवाह नोंदणीचा दाखला, पासबुकं, विमा पॉलिसी, खरेदीखत, सातबारा, पगारपत्रक. "माझ्याकडे ठेवतो, सुरक्षित राहतील" असं म्हणणाऱ्याला झेरॉक्स द्या.
- पतीच्या खात्यातून एटीएमने पैसे काढू नका, दुसऱ्यालाही काढू देऊ नका. हेतू चांगला असला तरी पुढे वारसांत भांडण लागतं ते याच्यावरून.
- अपघाती मृत्यू असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घ्या. मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा.
- कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर आणि न वाचलेल्या स्टॅम्प पेपरवर सही नाही. "तेरावं होऊ द्या, मग बघते" एवढं उत्तर पुरतं.

याच दिवसांत बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं हे होतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव म्हणजे शिक्षा देणारा कायदा नव्हे, हे खरं. पण घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने आधीच "आमच्याकडे हे करायचं नाही" असं सांगितलं आणि हातात ठरावाची प्रत असली, तर स्मशानातून परतल्यावर वाद घालायची वेळ येत नाही. हे पुरुषांपेक्षा सासूने किंवा नणंदेने सांगितलेलं जास्त चालतं.

सातबाऱ्यावर नाव

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. तो गावच्या तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन देता येतो. उशीर झाला तरी नोंद होते, हक्क बुडत नाही. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि नाती सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि पतीच्या नावचे सातबारा आणि आठ-अ जोडा. अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

फेरफार तयार झाला की नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. या पंधरा दिवसांत फेरफाराचा मसुदा स्वतः वाचा. बघायचं ते एवढंच :

- तुमचं नाव कब्जेदार सदरात आहे की 'इतर हक्कात' ढकललंय?
- सगळ्या मुलींची नावं आहेत का?
- अज्ञान मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून तुमचं नाव आहे की काका पालनकर्ते झालेत?
- नुसतं 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्या दिराचं नाव लावून विषय मिटवला आहे का?

यातलं काहीही चुकलं असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या. मंडळ अधिकाऱ्याने तरीही नोंद प्रमाणित केली, तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येतं. एक मात्र लक्षात ठेवा, सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यावर नाव नसल्याने मालकी जात नाही आणि दुसऱ्याचं नाव असल्याने त्याला ती मिळत नाही. पण नाव नसलं की पीककर्ज, विमा आणि अनुदान यांची दारं बंद होतात आणि जमीन तुम्हाला न विचारता विकायला निघते.

"वहिनी, सही फक्त नावापुरती आहे"

सगळ्यात जास्त जमीन जाते ती इथे. बहुधा वर्षश्राद्धाच्या सुमारास दीर कागद घेऊन येतात. नणंदांनी सोडलंय, तुम्हीही सोडा, मुलांचं आम्ही बघतोच आहोत. कागदाचं नाव हक्कसोडपत्र. त्यात बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं की तुम्ही कोणताही मोबदला न घेता स्वखुशीने हिस्सा सोडत आहात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुमचा फोटो निघतो, अंगठा घेतला जातो आणि मजकूर मान्य आहे का असं विचारलं जातं. तिथे तुम्ही "हो" म्हटलंत, की पुढे "मला वाचून दाखवलं नव्हतं" हे सिद्ध करणं फार जड जातं.

स्वतःहून सोडायचं असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण त्याआधी :

- कागदाची प्रत घरी आणून आठवडाभर ठेवा आणि सासरच्या ओळखीचा नसलेल्या वकिलाला दाखवा.
- गट नंबर आणि क्षेत्र मोजून बघा. एका गटाचं बोलणं होतं आणि कागदावर चार गट येतात.
- बदल्यात काही द्यायचं ठरलं असेल (घर, रक्कम, मुलांचं शिक्षण) तर ते त्याच कागदात यावं. तोंडी कबुलीला निबंधकाच्या कार्यालयात किंमत नाही.
- मुलांचा हिस्सा तुमच्या सहीने सोडता येत नाही. अज्ञान मुलाची मालमत्ता विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. तशी न घेता व्यवहार झाला, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत त्याला आव्हान देता येतं.

सही फसवून घेतली गेली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. मनात कुढत बसलात तर हीच मुदत निघून जाते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी पैसे स्वीकारतो. पैसे कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, फ्लॅटचा मालक होत नाही. विम्याचा कायदा मात्र २०१५ मध्ये बदलला. तिथे पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील, तर प्रश्न वेगळा होतो, म्हणून पॉलिसी वकिलाला दाखवूनच पुढे जा.

भविष्य निर्वाह निधीत एक फायद्याची तरतूद आहे. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजलं जातं. कंपनीच्या नोंदीत अजून सासूबाईंचं नाव असलं, तरी दावा करा. निधीसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि ठेवीशी जोडलेल्या विम्यासाठी ५-आयएफ, हे तिन्ही एकदम भरा. शेवटचा विमा सात लाखांपर्यंत असतो आणि कुणी सांगत नाही म्हणून तो राहून जातो.

सासरचं घर, दागिने, पोटगी

लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने तुमचं स्त्रीधन आहेत. ते सासूबाईंच्या कपाटात असले म्हणून त्यांचे होत नाहीत. फोटो आणि पावत्या जमवा. ज्या घरात तुम्ही पतीसोबत नांदलात, तिथून तुम्हाला हुसकावून लावता येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली विधवेलाही राहण्याचा हक्क आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. तक्रार तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करा.

स्वतःचं उत्पन्न नाही, पतीच्या किंवा माहेरच्या मालमत्तेतून भागत नाही आणि मुलंही सांभाळण्याजोगी नाहीत, अशा वेळी सासऱ्यांकडे पोटगी मागता येते. पण त्यांच्या ताब्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता असली तरच. पुनर्विवाहानंतर हा हक्क संपतो.

नवऱ्याचं कर्ज

सावकार दारात आला तर घाबरू नका. पतीचं कर्ज त्याच्या मालमत्तेतून, आणि तुम्हाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच फेडावं लागतं. तुमच्या पगारातून किंवा स्त्रीधनातून नाही. अपवाद एकच : तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली असेल तर. गृहकर्जासोबत विमा उतरवला होता का, ते बँकेत विचारा.

सरकारी मदत

- संजय गांधी निराधार अनुदान योजना : दरमहा १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. ती ठरवणाऱ्याने किराण्याचं बिल बहुधा बरीच वर्षं पाहिलेलं नसावं.
- राष्ट्रीय कुटुंबलाभ योजना : दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला, तर एकदाच २०,००० रुपये.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना : सर्पदंश, विजेचा धक्का, रस्ता अपघात अशा कारणांनी शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारा.

पुनर्विवाहाचा विचार असेल तर

पतीकडून मिळालेली मालमत्ता तुमचीच राहते, हे वर आलंच. मुलांचे पहिल्या घरचे हक्कही तसेच राहतात. मोटार अपघाताची भरपाई पुनर्विवाहामुळे नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. थांबते ती भविष्य निधीची विधवा पेन्शन, मुलांची नाही. सरकारी नोकरीतल्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम खात्यागणिक वेगळे आहेत, ते लेखी विचारून घ्या. आणि लग्नाची नोंदणी करा. देवळात हार घालून थांबलात, तर दुसऱ्या घरातही पुन्हा पुराव्याचीच ओढाताण होईल.

गोव्यातल्या वाचकांसाठी

तिथे हिंदू उत्तराधिकार कायदा चालत नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीच्या मालमत्तेत तुमचा अर्धा हिस्सा पतीच्या हयातीपासूनच तुमचा आहे. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची, इन्व्हेंटरी प्रक्रियेतून.

वकिलाची फी

स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीचं किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. फोन १५१०० वर करा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात आणि पोटगीच्या दाव्यात महिलांना कोर्ट फी माफ आहे. वकील विसरला, तर तुम्ही आठवण करा.

स्वतःचं मृत्युपत्र

हे काम बायका हमखास टाळतात. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात आणि मुलं नसतील, तर तुमच्या कमाईची मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते, तुमच्या आईवडिलांकडे नाही. नारायणी देवी नावाच्या बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाल्या, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी शिकून त्यांनी नोकरी केली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांची सगळी पुंजी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सासरच्यांना दिली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. दोन साक्षीदार हवेत. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि त्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नसेल, तर उत्तमच. मालमत्ता बदलली किंवा मन बदललं, तर नवं करता येतं. जुन्याचा उल्लेख करून ते रद्द केल्याचं मात्र पहिल्याच ओळीत लिहा.